क्षयाची फाईल तुमच्याही टेबलावर हवी

प्रति,
माननीय मंत्री व सचिव,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार,

हे पत्र चुकून तुमच्या पत्त्यावर आलेलं नाही. क्षयरोगाबद्दल काही म्हणायचं असलं की डॉक्टरनं आरोग्य विभागाला लिहायचं, असा रिवाज आहे, आणि मीही आजवर तेच करत आलो. पण या रोगावर आपल्याच देशात गेल्या काही वर्षांत जे संशोधन झालं ते वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. क्षयाच्या औषधाचा एक भाग आरोग्य विभागाच्या औषध भांडारात मिळत नाही. तो तुमच्या गोदामात आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षं डॉक्टरकी करतो. माझे वडील रास्त भाव दुकानदार होते. चलन भरणं, कोटा उचलणं, ट्रकमधून उतरलेले कट्टे मोजून घेणं, आणि दुकानासमोरच्या रांगेत कुणाच्या घरी आज चूल पेटलेली नाही हे चेहऱ्यावरून ओळखणं, हे मी शाळेत असतानाच पाहिलं आहे. त्यामुळे तुमच्या खात्याविषयी मला परकेपणा नाही. हे पत्र जेवढं डॉक्टरचं आहे, तेवढंच त्या दुकानात वाढलेल्या मुलाचंही आहे.

आधी एका माणसाबद्दल सांगतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, कापूस वेचणी ऐन भरात असताना, तो माझ्याकडे आला. वय चाळिशीच्या आत. दीड-दोन महिन्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम. वजनकाट्यावर उभा राहिला तेव्हा काटा ३६वर थांबला. उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, १४. निरोगी माणसाचा हा आकडा साडेअठराच्या वर हवा आणि १६च्या खाली गेला की कुपोषण तीव्र धरतात. थुंकीत जंतू सापडले. सरकारी केंद्रातून मोफत औषधं सुरू झाली.

क्षयाच्या गोळ्या वजनावर ठरतात. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं असतात. २५ ते ३४ किलोला रोज दोन गोळ्या, ३५ ते ४९ला तीन, ५० ते ६४ला चार. याला तीन गोळ्या लागल्या. म्हणजे त्याचं वजन आम्ही काळजीपूर्वक मोजलं, कार्डावर लिहिलं आणि त्यातून गोळ्यांचा हिशोब काढला. ते ३६ किलो हाच एक आजार आहे आणि त्यालाही काही द्यायला हवं, असा रकाना त्या कार्डावर नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात तो परत आला. ताप गेला होता. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गोळी खाल्ली का भुकेनं जीव जाते. रातचा उठून बसतो. खायाले काय देता?"

भूक परत येणं ही बरं होण्याची खूण आहे. जंतू मरू लागले की पहिली परतते ती भूक. सव्वीस वर्षांत ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की ती ऐकून आधी बरंच वाटतं, आणि लगेच पुढची गोष्ट आठवते. भूक आली, पण घरात भाकर तेवढीच आहे. हा माणूस आजारी असल्यामुळे मजुरीला जात नव्हता, बायको एकटी वेचणीला जात होती. तुरीच्या शेतात राबणाऱ्या या घरात वरण म्हणजे हळदीचं पिवळं पाणी.

तो बरा झाला, सहा महिन्यांत. आमच्या नोंदवहीत त्याच्यापुढे 'बरा' लिहिलं गेलं आणि ते खरंच होतं. त्यानंतर सव्वा वर्षानं त्याच्या सतरा वर्षांच्या मुलीला खोकला सुरू झाला.

आता संशोधनाकडे येतो, कारण एका घरावरून धोरण ठरवा असं म्हणण्याचा मला अधिकार नाही.

औषधांच्या बाजूनं क्षयाच्या उपचारात मोठी झेप घेतली गेली आहे. मी शिकत होतो तेव्हा औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर दीड-दोन वर्षं उपचार चालायचे, महिनोन्‌महिने इंजेक्शनं टोचावी लागायची आणि त्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान कायमचे गेले. मग बेडाक्विलिन आलं, प्रेटोमॅनिड आलं. दक्षिण आफ्रिकेत १०९ रुग्णांवर झालेल्या निक्स-टीबी या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावर जवळजवळ कुठलंच औषध चालत नव्हतं असे रुग्ण त्यात होते. सहा महिन्यांच्या, फक्त तोंडानं घ्यायच्या तीन औषधांनी त्यांच्यातले दहापैकी नऊ बरे झाले. त्यात चौथं औषध घालून केलेला उपचार भारत सरकारनं सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर केला. इंजेक्शनानं बहिरी झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून या बातमीचं मोल मला ठाऊक आहे.

पण ही सगळी औषधं रोग झाल्यावरची आहेत. देशात क्षयाचं प्रमाण कमी होत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, २०२३ साली १९५. तरीही जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी एकाहून अधिक भारतातला आहे. नवे रुग्ण येतात कुठून? बहुतेक जुन्या रुग्णांच्या घरांतून आणि वस्त्यांतून. जंतू पुष्कळांच्या शरीरात शिरतो आणि निपचित पडून राहतो. त्यातल्या थोड्यांनाच पुढे रोग होतो. कुणाला होतो, हे ठरवणाऱ्या गोष्टींत आपल्या देशात सर्वांत मोठी आहे कुपोषण. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१०मध्ये मांडला गेला तेव्हा दिसलं की बीएमआय एका अंकानं घसरला की क्षयाचा धोका साधारण १४ टक्क्यांनी वाढतो. छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ गनियारी इथे जनस्वास्थ्य सहयोग ही संस्था काम करते. तिथल्या क्षयरुग्णांची वजनं २०१३ साली प्रसिद्ध झाली. पुरुषांचं मध्यम वजन ४२ किलो, बायकांचं ३४ किलो. तो लेख वाचताना मला माझीच नोंदवही वाचल्यासारखं वाटलं होतं.

मग आजवर अन्नाकडे वैद्यकानं का पाहिलं नाही? याचा इतिहास तुम्हाला सांगायलाच हवा, कारण कुणीतरी अधिकारी तो तुमच्यासमोर आक्षेप म्हणून ठेवील. १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. तोवर क्षय म्हणजे सॅनेटोरियम, मोकळी हवा, दूध, अंडी आणि महिनोन्‌महिने खाट. आमच्या आज्यांच्या पिढीत 'मिरजेला नेलं' एवढं म्हटलं की कळायचं. मद्रासच्या डॉक्टरांनी रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवून औषधं दिली, दुसऱ्याला त्याच्या झोपडवस्तीतल्या घरीच. वर्षाअखेर दोन्हीकडे जवळपास सारखेच लोक बरे झाले. सॅनेटोरियममधल्यांचा आहार कितीतरी चांगला होता, त्यांचं वजनही जास्त वाढलं, पण जंतू दोन्हीकडे सारखेच मेले. १९५९मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरची सॅनेटोरियमं हळूहळू बंद झाली. गरीब माणूस घर न सोडता बरा होऊ शकतो, हे सिद्ध करणारा तो फार थोर अभ्यास होता. लाखो लोक त्यामुळे वाचले असतील.

पण त्यातून वैद्यकानं आणखी एक धडा घेतला, जो त्या अभ्यासानं दिलेला नव्हता: औषध असलं की अन्नाची फिकीर नको. मद्रासच्या अभ्यासानं विचारलं होतं की औषधानं जंतू मरतात का. उपाशी घरातल्या पुढच्या माणसाला रोग होण्यापासून अन्न वाचवतं का, यासाठी तो अभ्यास आखलेलाच नव्हता. हा दुसरा प्रश्न नीट आखलेल्या चाचणीतून विचारायला आपल्याला साठ वर्षं लागली.

तो विचारला गेला झारखंडमध्ये. मद्रासच्या त्या केंद्राचीच पुढे चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था झाली. ती या कामात होती, पैसा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा होता आणि पुढाकार डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांचा. अभ्यासाचं नाव 'रेशन्स'. तुमच्या खात्याला पत्र लिहिण्याचं धाडस मला त्या नावानंच दिलं.

चार जिल्ह्यांतले २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं, २०१९ ते २०२२ या काळात. रुग्णांना सगळ्यांनाच दरमहा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. रोजचे १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं त्यातून मिळत. फरक केला तो घरातल्या बाकीच्यांत. निम्म्या भागांत त्यांनाही शिधा दिला, निम्म्यांत फक्त रुग्णाला. मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. सहा महिने, आणि घरातला क्षय औषधांना न जुमानणारा असेल तर बारा महिने. बस. कुठलंही नवं औषध नाही, पेटंट नाही, शीतपेटी नाही.

ज्या घरांत शिधा गेला तिथे नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. खोकल्यातून दुसऱ्याला लागणारा, जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी. ऑगस्ट २०२३मध्ये 'द लॅन्सेट'नं हे छापलं. एखाद्या लशीनं असा निकाल दिला असता तर आपण पेढे वाटले असते.

रुग्णांबद्दलचा निकाल वेगळा छापला गेला. उपचाराच्या सुरुवातीला त्यांच्यातले ८० टक्क्यांहून अधिक कुपोषित होते आणि जवळजवळ निम्मे तीव्र कुपोषित. पहिल्या दोन महिन्यांत ज्याचं वजन ५ टक्के वाढलं, त्याचा मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. इथे मी सावध राहीन. वजन वाढलं म्हणून माणूस जगला, की जगणारच होता म्हणून त्याचं वजन वाढलं, हे या आकड्यातून पूर्ण सुटत नाही. तरी माझ्या ३६ किलोंच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे फक्त १,८०० ग्रॅम होते. ते १,८०० ग्रॅम त्याच्या अंगावर यावेत यासाठी मी त्याला काय दिलं? सल्ला दिला. "अंडी खा, दूध घे, डाळ खा." हे वाक्य मी हजारो वेळा उच्चारलं आहे आणि आज त्याची मला लाज वाटते.

आणखी एक मर्यादा सांगतो, म्हणजे नंतर कुणी फसवल्याचं म्हणणार नाही. झारखंडमधली ती घरं फार गरीब आणि माणसं फार रोड होती. पुण्या-मुंबईतल्या मधुमेही, भरल्या अंगाच्या क्षयरुग्णाच्या घरी तांदळाचा कट्टा नेऊन तोच परिणाम दिसेल, असा या अभ्यासाचा दावा नाही. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट, आमचा यवतमाळ, मुंबईतल्या गोवंडीसारख्या वस्त्या, ऊसतोडीचे तांडे, इथली घरं मात्र त्या घरांशी मिळतीजुळती आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या दर पाच बायकांपैकी एकीचा बीएमआय साडेअठराच्या खाली निघाला होता.

खर्चाचा हिशोब दुकानदाराच्या मुलासारखा मांडतो. त्या अभ्यासानुसार साधारण ३० घरांतल्या १११ माणसांना शिधा दिला की क्षयाचा एक नवा रुग्ण टळतो. सहा महिन्यांचं धान्य मोजलं तर १० क्विंटल तूरडाळ आणि ३३ क्विंटल तांदूळ. एका रुग्णामागे एवढं? असं कुणी विचारील. पण लशीची कुपी एका रोगापुरती असते. हे अन्न १११ माणसांच्या पोटात गेलेलं आहे. त्यात गरोदर बाई असेल, परीक्षेला बसलेलं पोर असेल, दिवसभर वेचणी करून आलेली आई असेल. टळलेला एक क्षयरुग्ण हा त्या अन्नाच्या अनेक फळांतला एकच. शिवाय तांदूळ तुम्ही यातल्या बहुतेक घरांना आजही देताच. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य जातं. खरी उणीव डाळीची आहे.

डाळ वाटणं तुमच्या खात्याला अशक्य आहे, असं मला कुणी सांगू नये. २०२२च्या दिवाळीत तुम्ही 'आनंदाचा शिधा' दिला. रवा, चणाडाळ, साखर, पामतेल, चार जिन्नस १०० रुपयांत, दीड कोटींहून अधिक शिधापत्रिकांना. उशीर झाला, काही ठिकाणी एखादा जिन्नस कमी आला, हे सगळं झालं. तरी पोचलं. त्याआधी, २०१७च्या विक्रमी तूर खरेदीनंतर, शासनाच्या तुरीची डाळ रेशन दुकानांतून विकलीही गेली होती. राज्यात वर्षाला क्षयाचे दोन लाखांहून अधिक रुग्ण नोंदले जातात. दीड कोटी कार्डांना जे जमलं, ते दोन-सव्वादोन लाख घरांना जमणार नाही?

आज रुग्णाला काहीच मिळत नाही, असं मी म्हणत नाही. एप्रिल २०१८पासून निक्षय पोषण योजनेत महिन्याला ५०० रुपये खात्यावर येतात, नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. साडेअठराच्या खाली बीएमआय असलेल्यांना पहिले दोन महिने जास्त उष्मांकाचा पूरक आहार द्यायचंही केंद्रानं ठरवलं. २०२२पासून निक्षय मित्र, म्हणजे स्वेच्छेनं रुग्णांना मदत करणारी माणसं आणि संस्था, पोषणाची पेटी देतात. त्यांच्यातल्या काहींनी आमच्याकडे फार मनापासून काम केलं आहे. पण मित्र कुठे मिळतो, कुठे मिळत नाही, आणि मिळाला तर सहाही महिने टिकेलच असं नाही. पैशांचं म्हणाल, तर खात्यावर आलेले हजार रुपये त्या घरात आधी उधारी पाहतात. माझ्या त्या रुग्णाचा पहिला हप्ता आला तेव्हा उपचाराचे चार महिने उलटून गेले होते. त्यानं त्यातून किराणा दुकानाची थकबाकी फेडली. मी त्याला नावं ठेवू शकलो नाही. पैसे बंद करा असंही मी म्हणणार नाही, ते बसभाड्याला, औषधाला लागतातच. पण घरात शिजणारी डाळ सगळ्याच ताटांत जाते. खात्यावर आलेल्या पैशाचं तसं होईलच असं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या घरात क्षयाचा रुग्ण नोंदला गेला, त्या घराच्या शिधापत्रिकेवर सहा महिने माणशी दीड किलो तूरडाळ आणि रुग्णासाठी जास्तीचं धान्य, दूध पावडर, तेल चढवा. कार्ड नसेल तर आधी शिधा द्या, कार्ड मागून करा. आरोग्य विभागाकडे रुग्णाचा निक्षय क्रमांक आहे, तुमच्याकडे कार्डाचा बारा अंकी क्रमांक आहे. दोन्ही याद्या एकमेकींना जोडायला नवा कायदा लागत नाही. दोन सचिवांनी एका टेबलावर बसावं लागेल.

जोडताना एक गोष्ट मात्र जिवापाड जपावी लागेल. दुकानातल्या रांगेत कुणाला का जास्त मिळतं, हे कुणाला कळता कामा नये. क्षय झालेल्या मुलीचं लग्न आजही मोडतं. ई-पॉस यंत्रावर अंगठा दिल्यावर निघणाऱ्या पावतीवर रोगाचं नाव नको, वेगळा रंग नको, वेगळी खिडकी नको. दुकानदाराला फक्त जिन्नस आणि वजन दिसावं. माझे वडील भले गृहस्थ होते, पण त्यांनाही हे कळू नये असंच मला वाटलं असतं.

आणि स्थलांतर. आमच्याकडची माणसं वेचणी संपली की वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. औषध मागोमाग पाठवायची सोय थोडीफार झाली आहे. कार्ड कुठल्याही गावात चालण्याची सोय तुमच्याकडे आहेच. वाढीव डाळही त्याच सोयीनं माणसाच्या मागे जायला हवी, नाहीतर नेमक्या सर्वांत रोड माणसांपर्यंत ती पोचणार नाही.

एकदम सगळ्या राज्यात नको वाटत असेल तर दोन जिल्हे घ्या, आणि वजनं मोजा. रुग्णाचं तर मोजाच, घरातल्या प्रत्येकाचं मोजा, सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी. आशाताई हे काम करतील. त्यांचे पैसे वेळेवर द्या म्हणजे झालं.

त्या मुलीचा उपचार आता चौथ्या महिन्यात आहे. आली तेव्हा ३३ किलो होती, गेल्या मंगळवारी ३५ भरली. घरात आणखी तिघं आहेत: आई, बरा झालेला बाप आणि अकरा वर्षांचा भाऊ. तिघांची वजनं मी वहीत टिपून ठेवली आहेत. तिघांचे मिळून महिन्याला साडेचार किलो तूरडाळ होते. पुढच्या महिन्याच्या नियतनात ती येऊ शकेल का, हे कृपया कळवावं.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक डॉक्टर